श्रद्धा, नास्तिकता आणि बुद्धी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सहसंबंधाचा, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात ते मोजण्याचा, धडा आला की दरवर्षी वर्गात कुणीतरी हा विषय काढतंच. गणपतीत सोसायटीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीत, दहावीतल्या मुलांच्या आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हेच प्रश्न थोड्याफार फरकानं पुन्हा समोर येतात. म्हणून एकदा नीट बसून उत्तरं लिहून काढली. काही लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

सरळ सांगा, देव न मानणारे लोक जास्त हुशार असतात का?

एखादा माणूस देव मानतो की नाही, एवढ्यावरून त्याच्या बुद्धीबद्दल काहीही सांगता येत नाही. मोठमोठ्या गटांच्या सरासरीत थोडा फरक दिसतो हे खरं आहे. पण तो इतका बारीक आहे की समोर बसलेल्या माणसाला लावायला गेलात तर नाणं उडवून अंदाज केल्यासारखंच होईल.

मग "नास्तिक जास्त बुद्धिमान, संशोधनातून सिद्ध" अशा बातम्या येतात त्या खोट्या असतात?

खोट्या नसतात, अर्ध्या असतात. त्यांच्यामागचा मुख्य अभ्यास २०१३ सालचा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मायरन झुकरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी झालेले ६३ अभ्यास एकत्र केले. त्यांतल्या ५३ मध्ये धार्मिकता आणि बुद्धिमापन चाचणीतले गुण यांचा संबंध उलटा निघाला, म्हणजे एक वाढलं की दुसरं थोडं कमी. १० मध्ये तो सुलटा निघाला. शाळकरी मुलं बाजूला ठेवली तर सहसंबंध गुणक (संबंध मुळीच नसेल तर ०, पूर्ण असेल तर १, उलटा असेल तर उणे) साधारण उणे ०.२४ होता. २०२२ मध्ये ड्युर्लिंगर आणि पीटश्निग यांनी ८९ अभ्यासांचा, म्हणजे दोन लाखांहून जास्त माणसांचा हिशेब मांडला, तेव्हा तोच गुणक उणे ०.१४ वर आला.

आता या आकड्यांचा अर्थ. गुणकाचा वर्ग केला की एका गोष्टीतल्या चढउतारांपैकी किती भाग दुसरीशी जुळतो ते कळतं. ०.१४ चा वर्ग म्हणजे जेमतेम २ टक्के. ०.२४ चा धरला तरी ६ टक्क्यांच्या आत. उरलेले ९४ ते ९८ टक्के चढउतार धार्मिकतेशी जुळत नाहीत.

वर्गात मी हे असं सांगते. रस्त्यावरून माणसांच्या शंभर जोड्या उचला. प्रत्येक जोडीत कोण जास्त धार्मिक ते बघा आणि पैज लावा की चाचणीत त्याचेच गुण कमी असतील. उणे ०.१४ च्या हिशेबानं शंभरपैकी ५४-५५ वेळा पैज जिंकाल, ४५-४६ वेळा हराल. आंधळेपणानं बोललात तरी ५० वेळा जिंकलाच असता. या चार-पाच जोड्यांच्या फरकावर कुणी आपल्या सासूबाईंना किंवा जावयाला तोलू नये.

थोडा का होईना, फरक आहे ना? तो कशामुळे?

प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्याआधी एक जुनं उदाहरण. प्राथमिक शाळेत जा, प्रत्येक मुलाच्या चपलेचा नंबर लिहून घ्या आणि पाढे म्हणून घ्या. ज्यांच्या चपला मोठ्या त्यांना पाढे जास्त येतात असंच दिसेल. पाय वाढला म्हणून पाढे आले असं कुणी म्हणणार नाही, कारण दोन्हीमागे वय आहे हे आपल्याला दिसतं. धार्मिकता आणि चाचणीतले गुण यांच्यामागचं "वय" असं डोळ्यांना दिसत नाही, आणि गोंधळ तिथेच होतो.

शिक्षण हा पहिला संशयित. जास्त वर्षं शिकलेल्याला अशा चाचण्यांचा सराव जास्त असतो. त्याच वर्षांत तो घरापासून लांब, वेगवेगळ्या विचारांच्या माणसांत राहिलेला असतो, त्यामुळे घरचे आचार सुटण्याची शक्यताही वाढते. २०१६ मध्ये वेबस्टर आणि डफी यांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली. शिक्षण आणि जीवनमान हिशेबात घेतल्यावर संबंध बराच फिका पडला, आणि नव्या अभ्यासांत तो जुन्यांपेक्षा कमी दिसतो हेही त्यांनी दाखवलं.

दुसरं कारण आयुष्यातली अनिश्चितता. जिथे आजारपण, पीक, नोकरी यांचा भरवसा नाही तिथे माणसं देवाकडे जास्त वळतात, आणि तिथेच मुलांना शाळा, सकस अन्न, औषध कमी मिळतं. गुण कमी पडतात ते त्यामुळे. हुशार माणसाला चारचौघांपेक्षा वेगळं वागायचा धीर जास्त असतो, असाही एक तर्क दिला जातो. तो खरा असेल तर आस्तिकांच्या गावात तो नास्तिक होईल आणि नास्तिकांच्या गावात आस्तिक. मग त्याच्या नास्तिकपणाचं श्रेय बुद्धीला द्यायचं की गावाला?

पण चिकित्सक विचार करणारा माणूस देव मानूच कसा शकेल?

आधी एक गणित. वही आणि पेन मिळून ११० रुपये झाले. वही पेनापेक्षा १०० रुपयांनी महाग आहे. पेन कितीचं?

मनात "१० रुपये" आलं असेल. उत्तर ५ आहे. पेन १० चं असतं तर वही ११० ची आणि बेरीज १२० झाली असती. याच घाटाचे प्रश्न शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये एका छोट्या चाचणीत घातले. पहिलं सुचलेलं उत्तर माणूस थांबून तपासतो का, एवढंच ती बघते. जे थांबतात त्यांच्यात धार्मिकता किंचित कमी, असं पाश्चात्त्य देशांतल्या काही अभ्यासांत आढळलं.

पुढे काय झालं ते बातम्यांत फारसं येत नाही. २०१२ मध्ये जर्वेस आणि नोरेनझायन यांनी एक गाजलेला प्रयोग केला. काही लोकांना रोदँचा "विचारवंत" हा पुतळा दाखवला आणि लगेच देवावरच्या विश्वासाबद्दल विचारलं. पुतळा बघितलेल्यांचा विश्वास कमी आढळला. २०१७ मध्ये दुसऱ्या गटानं तोच प्रयोग जास्त माणसांवर केला, काही निष्पन्न झालं नाही. २०१८ मध्ये खुद्द जर्वेस यांनी सहकाऱ्यांसोबत १३ देशांत हा संबंध तपासला. तो कमकुवत आणि देशागणिक बदलणारा निघाला. स्वतःचा गाजलेला निष्कर्ष स्वतःच पुन्हा तपासायचा आणि तो टिकत नाही हे छापायचं, याला मी खरी चिकित्सा म्हणते. विद्यार्थ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

माणूस देव मानेल की नाही यावर सगळ्यात जास्त परिणाम कशाचा होतो? घरातली मोठी माणसं देवासाठी काय करताना लहानपणी दिसली, याचा. नुसतं बोलणं नव्हे, करणं. कडक उपास धरणारी आई, पायी वारीला जाणारे आजोबा. ज्या घरात कुणी काही सोसून श्रद्धा जपलेली दिसत नाही तिथली मुलं सहज बाहेर पडतात, मग ती गणितात पहिली असोत की शेवटची.

हे सगळं अमेरिकेतलं. आपल्याकडे लागू पडतं का?

जसंच्या तसं लावता येत नाही, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोलाचा मुद्दा हाच आहे.

त्या ६३ अभ्यासांतले बहुतेक अमेरिकेतले, त्यातही प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजातले. आपले निष्कर्ष पाश्चात्त्य समाजापुरते धरावेत असं झुकरमन यांच्या गटानं स्वतःच लिहिलं होतं. तिथली प्रश्नावली विचारते: तुम्ही चर्चमध्ये किती वेळा जाता, ईश्वर तुमची प्रार्थना ऐकतो असं मानता का? ही प्रश्नावली मी मनातल्या मनात आमच्या सोसायटीत फिरवून बघते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू संकष्टी कधी चुकवत नाहीत, चंद्रोदयाशिवाय जेवत नाहीत. "देव आहे असं वाटतं का" असं विचारलं तर म्हणतात, "अगं, त्याचा कोण विचार करतंय, आपल्या घरात आहे म्हणून करायचं." समोरचे काका देवळात पाऊल टाकत नाहीत, पण रोज पहाटे हरिपाठ म्हणतात. या दोघांना धार्मिकतेचे किती गुण द्यायचे? आपल्याकडे कुळाचार, व्रत, भक्ती, तत्त्वज्ञान आणि सवय एकाच देवघरात नांदतात. एका आकड्यात ती मावत नाहीत.

प्यू या संस्थेनं २०१९-२० मध्ये सुमारे ३०,००० भारतीयांना विचारलं, तेव्हा ९७ टक्के लोक देव मानणारे निघाले. याचं साधं गणित करा. सगळ्या देशात न मानणारे शंभरात तीन. अतिशय हुशार लोकांत हे प्रमाण तिप्पट आहे असं घटकाभर धरलं तरी शंभरात नऊ होतात, आणि बाकीचे ९१ हुशार लोक देव मानणारेच उरतात.

त्याच पाहणीत देशातल्या बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांनी आपण देव मानत नाही असं सांगितलं. भारतातले तीन चतुर्थांशांहून जास्त बौद्ध महाराष्ट्रात राहतात. म्हणजे आपल्या शेजारीच लाखो माणसं धर्म मानतात आणि देव मानत नाहीत. १९५६ च्या धम्मदीक्षेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या घेतलेल्यांच्या घरांत हे त्या वेळेपासून चालत आलं आहे. "आस्तिक विरुद्ध नास्तिक" असे दोनच रकाने आखणाऱ्यानं त्यांना कुठे लिहायचं?

"नास्तिक" म्हणजे देव न मानणारा, एवढं तरी नक्की ना?

आजच्या बोलण्यात हो. जुन्या अर्थानं नाही. पाणिनीचं सूत्र आहे, "अस्तिनास्तिदिष्टं मतिः". परलोक आहे असं मानणारा तो आस्तिक, नाही मानणारा तो नास्तिक, असा अर्थ टीकाकार लावतात. मनुस्मृतीत वेदनिंदकाला नास्तिक म्हटलं आहे. सांख्य आणि पूर्वमीमांसा या दर्शनांना जग निर्माण करणारा ईश्वर लागत नाही, तरी दोन्ही आस्तिक दर्शनांत मोडतात, कारण ती वेद मानतात. हा वाद शतकानुशतकं चालला. त्यात दोन्ही बाजूंना कसलेले तार्किक होते आणि प्रतिपक्षाचं म्हणणं आधी नीट मांडायचं, मग खोडायचं, अशी शिस्त होती.

व्हॉट्सअॅपवर देशांची यादी फिरते: जास्त नास्तिक देश, जास्त बुद्ध्यंक. ती खरी का?

ती २००९ च्या एका लेखावरून आली आहे. लिन, हार्वे आणि नायबोर्ग यांनी १३७ देशांची तुलना करून ०.६० एवढा सहसंबंध दाखवला. पण बऱ्याच देशांचे "राष्ट्रीय बुद्ध्यंक" फार थोड्या, निवडक लोकांच्या चाचण्यांवरून काढलेले होते, काही तर शेजारच्या देशावरून अंदाजानं भरलेले. शिवाय चपलेचा नंबर इथेही आहेच: श्रीमंती, शाळा, आरोग्य. ती यादी पुढे पाठवू नका.

मुळात बुद्ध्यंक म्हणजे बुद्धी का?

बुद्धीचा एक तुकडा, आणि उपयोगी तुकडा. आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसमध्ये पहिली चाचणी केली, ती शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना मदत करता यावी म्हणून. आपल्याकडे डॉ. कामत यांनी १९३० नंतरच्या दशकात धारवाडला तिचं मराठी आणि कानडी रूप तयार केलं. बिने-कामत चाचणी आजही दवाखान्यांत आणि समुपदेशकांकडे वापरली जाते. पुण्यात १९६२ मध्ये आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली तीच मुळी बुद्धिमान मुलं हेरून त्यांना घडवण्यासाठी. त्याच प्रबोधिनीत पौरोहित्याचं शिक्षणही दिलं जातं आणि स्त्रिया पौरोहित्य करतात. बुद्धिमापन आणि संस्कारविधी एका छताखाली नांदू शकतात, हे सदाशिव पेठेत इतकी वर्षं दिसतं आहे.

गेल्या शतकात अनेक देशांत या चाचण्यांतले गुण दर दशकाला सुमारे तीन अंकांनी वाढत गेले, हे जेम्स फ्लिन यांनी दाखवलं. आपले पणजोबा आपल्यापेक्षा मंद होते असा याचा अर्थ कुणी काढणार नाही. अमूर्त आकृत्या बघून विचार करायची सवय शाळेमुळे वाढली, हे त्यातलं एक मोठं कारण.

माझी आजी चौथी शिकलेली. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी तिला तोंडपाठ. सकाळी सहाणेवर चंदन उगाळत असायची आणि मी मुद्दाम विचारायचे, "आजी, पावणेदोन रुपये वार, साडेसात वार कापड, किती झाले?" चंदनाचा हात न थांबवता ती सांगायची, "तेरा रुपये दोन आणे." मी कागदावर करून बघायचे. तेरा रुपये साडेबारा पैसे. बरोबर. कॉलेजात असताना मी तिच्यापुढे आकृत्यांच्या कोड्यांचं पुस्तक ठेवलं, रिकाम्या चौकोनात कोणती आकृती बसेल असं विचारणारं. तिनं चष्मा लावून पान नीट बघितलं आणि म्हणाली, "यातलं काय करायचंय तुला? रांगोळी काढायची आहे का?" त्या पानावर तिला शून्य गुण मिळाले असते.

मोठे शास्त्रज्ञ तर नास्तिकच असतात. हे कसं?

काही देशांत, काही वर्तुळांत प्रमाण जास्त आहे. जेम्स ल्यूबा यांनी १९१४ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांना विचारलं तेव्हा सुमारे ४० टक्के लोक ईश्वर मानणारे निघाले. १९९६ मध्ये तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा ३९ टक्के. तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सदस्यांत मात्र १९९८ च्या पाहणीत फक्त ७ टक्के. त्यामुळे फरक नाहीच असं मी म्हणणार नाही. पण त्या अकादमीत पोचेपर्यंत माणूस विशिष्ट घरांतून, विद्यापीठांतून, मित्रमंडळींतून गाळला गेलेला असतो. भारतातल्या प्रयोगशाळांचं चित्र वेगळं आहे. इस्रोचे शास्त्रज्ञ उड्डाणाआधी यानाची प्रतिकृती घेऊन तिरुपतीला जातात, हे आपण दर वेळी बातम्यांत बघतो.

मला यात एकच उदाहरण पुरेसं वाटतं. १९७९ चं भौतिकीचं नोबेल अब्दुस सलाम, स्टीव्हन वाइनबर्ग आणि शेल्डन ग्लॅशो यांना मिळून मिळालं. विद्युतचुंबकीय बल आणि अणुकेंद्रातलं दुर्बल बल ही एकाच बलाची दोन रूपं आहेत, हे काम. सलाम मनापासून धार्मिक मुसलमान होते, वाइनबर्ग उघडपणे निरीश्वरवादी. दोघं स्वतंत्रपणे त्याच सिद्धांताशी पोचले. रामानुजन आपली सूत्रं नामक्कलच्या नामगिरी देवीची कृपा मानत, आणि त्यांना केंब्रिजला बोलावून घेणारे गणिती हार्डी देव अजिबात न मानणारे. सूत्र बरोबर आहे की नाही हे ठरवताना मात्र दोघांसमोर सिद्धताच लागायची. हार्डी त्यासाठी रामानुजन यांच्या मागे लागत.

पुण्यात या वादाचा इतिहास आहे का?

आहे, आणि फार हृद्य आहे. डेक्कन कॉलेजात टिळक आणि आगरकर यांची मैत्री झाली. टिळक गणिताचे, आगरकर इतिहास-तत्त्वज्ञानाचे. एका ध्येयानं दोघं न्यू इंग्लिश स्कूल, केसरी, डेक्कन एज्युकेशन सोसायटी यांत उतरले. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, दोघं डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे एकानं गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं आणि मंडालेत गीतेवर भाष्य लिहिलं. दुसरा अज्ञेयवादी, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा. १८८८ मध्ये त्यानं सुधारक हे पत्र काढलं आणि रूढींवर असा प्रहार केला की जिवंतपणी पुण्यात त्याची प्रेतयात्रा काढली गेली. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य असताना १८९५ मध्ये, चाळिशीही न गाठता आगरकर गेले. या दोघांत कमी बुद्धीचा कोण, हे मला कुणी सांगावं.

याच फर्ग्युसनला पुढे रँग्लर परांजपे प्राचार्य लाभले. १८९९ मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय, आणि ठाम बुद्धिवादी. जोतीराव फुले यांनी पुरोहितशाहीवर सर्वांत कठोर टीका केली, १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापला, तरी जगाचा निर्माता मानला आणि त्याला निर्मिक म्हटलं. इरावती कर्वे मानववंशशास्त्रज्ञ, बुद्धिवादी घरातल्या. त्या पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांबरोबर चालल्या आणि त्या वाटचालीवर त्यांनी अतिशय आत्मीयतेनं लिहिलं. आणि आजच्या काळातलं बघायचं तर जयंत नारळीकर फलज्योतिषाची कठोर चिकित्सा करत होते, तेव्हा याच शहरात परम महासंगणकाचे शिल्पकार विजय भटकर विज्ञान आणि अध्यात्म यांच्या मेळाबद्दल बोलत होते.

मग शिकलेली, हुशार माणसं अंधश्रद्धेला बळी कशी पडतात?

२१ सप्टेंबर १९९५ ची सकाळ मला अजून दिसते. गणपती दूध पितो ही बातमी फोनवरून पसरली. आमच्या वाड्यासमोरच्या देवळापुढे रांग लागली. त्यात बँकेतले अधिकारी होते, एक इंजिनीअर काका होते, आणि बीएस्सीला असलेली मीही होते. माझी पाळी आली. मी स्टीलचा चमचा सोंडेला लावला आणि दूध खरंच कमी होत गेलं. अंगावर काटा आला. मागे सरकताना पाऊल जमिनीला चिकटलं. खाली बघितलं तर फरशीवर दुधाचा पातळ थर पसरला होता, गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत. मूर्तीच्या छातीवरून, पोटावरून दूध ओघळत होतं, पांढऱ्या संगमरवरावर ते दिसत नव्हतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तेच दाखवलं: पृष्ठताणामुळे दूध चमच्याच्या काठावरून ओलसर दगडावर ओढलं जातं आणि खाली वाहतं.

रांगेतली माणसं मंद नव्हती. बुद्धी असणं आणि ती त्या क्षणी वापरणं या निराळ्या गोष्टी आहेत. आपल्या बाजूचं ते पटकन पटवून घ्यायचं आणि विरुद्ध ते खोडत बसायचं, हा दोष हुशारीनं कमी होत नाही, हे मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट हुशार माणसाला स्वतःच्या चुकीची समर्थनं जास्त चांगली सुचतात. ही गोष्ट आस्तिक-नास्तिक दोघांनाही लागू आहे. शेअर बाजारातल्या बोगस टिपांवर लाखो घालवलेले कट्टर नास्तिक मी बघितले आहेत.

डॉ. दाभोलकरांचा विरोध श्रद्धेला होता का?

नव्हता, आणि हे पुण्यात तरी पुन्हा पुन्हा सांगावं लागू नये. अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून काम करते आहे. देव मानण्याचा हक्क संविधानानं दिला आहे, आमचा विरोध देवाधर्माच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, हे दाभोलकर भाषणागणिक सांगत. देव मानणारे कितीतरी कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले तो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळानं मंजूर केला. नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराच्या नावानं फसवणूक, असे प्रकार त्यात गुन्हा ठरले. फसलेल्या बाईला "तुला अक्कल नाही" म्हणणं हा त्या कामाचा भाग कधीच नव्हता. तसं म्हटलं की ती पुन्हा बाबाकडेच जाते, कारण तिथे तिचा अपमान होत नाही.

कुंडलीवरून मुलाची बुद्धी कळते का?

याची पुण्यात रीतसर परीक्षा झाली आहे. २००८ मध्ये नारळीकर, समितीचे कार्यकर्ते आणि विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांनी १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून कुंडल्या तयार केल्या. ज्योतिषांना आवाहन केलं: प्रत्येकाला ४० कुंडल्या देतो, कोणती कोणत्या गटातली ते सांगा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगलं उत्तर ४० पैकी २४ बरोबर. सगळ्यांची सरासरी २० च्याही खाली, म्हणजे नाणेफेकीपेक्षा कमी. एका संस्थेनं सगळ्या २०० कुंडल्या तपासल्या, १०२ बरोबर आल्या. हा निबंध २००९ मध्ये करंट सायन्स या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. मी तो दरवर्षी वर्गात शिकवते. प्रयोग कसा आखावा याचा इतका स्वच्छ धडा दुसरा माझ्याकडे नाही.

अथर्वशीर्ष म्हटल्यानं मुलांची बुद्धी वाढते म्हणतात?

पाठांतरानं पाठांतराची सवय होते, उच्चार स्वच्छ होतात, मन दहा मिनिटं एका जागी बसतं. यापलीकडे गणिताचे गुण वाढतात असं दाखवणारा भक्कम पुरावा माझ्या पाहण्यात नाही. मुलाला आवडत असेल तर जरूर म्हणू द्या. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप मोडून मात्र नको.

मुलगा अकरावीत आहे. यंदा म्हणतो, "मी आरतीला उभा राहणार नाही, देव मानणारे मूर्ख असतात." काय करावं?

या वाक्यात दोन वाक्यं आहेत, ती वेगळी करा. पहिल्याचा मान ठेवा. सतरा वर्षांच्या मुलाला स्वतःचा विचार करून "मला पटत नाही" म्हणता येतंय, त्याला "अतिशहाणा" म्हणून गप्प करू नका. जबरदस्तीनं हातात टाळ दिल्यानं कुणी आस्तिक झालेलं मी बघितलेलं नाही. दुसऱ्या वाक्याला मात्र पुरावा मागा. त्याला उणे ०.१४ चा वर्ग करायला लावा. शंभर जोड्यांचं गणित करू द्या. मग विचारा, "आता सांग, आजी मूर्ख कशी?"

आणि घरातलं काम त्याच्याकडून काढून घेऊ नका. माझे वडील देव मानत नसत. आरतीला ते हात जोडून उभे राहिलेले मला आठवत नाहीत. मखराची दिव्यांची माळ मात्र दरवर्षी तेच जोडायचे, सोल्डरिंगची बंदूक घेऊन रात्री एकपर्यंत. आषाढात पालख्या पुण्यात मुक्कामाला आल्या की आजीला स्कूटरवर मागे बसवून नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला न्यायचे. ती रांगेत दोन-दोन तास उभी असायची. ते आत जात नसत. समोरच्या दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत बसायचे, शेजारी तिच्या चपला आणि पाण्याची बाटली.